मोठ्या मापाचा देवदूत

राखेच्या बादलीत रोसविटाला देवदूताच्या पंखातले तुकडे सापडले. लिंडनच्या लाकडाचे, थेंबाच्या आकाराचे, अंगठ्याएवढे. नक्षी कापताना आतून सुटून पडतात तसे.

तिने ते फडक्याने पुसून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. चौदा भरले. एका पंखाचे सात.

संख्या बरोबर होती. चुकलं होतं ते माप. नाताळच्या बाजारात ती आणि तिचा नवरा एबरहार्ड जे देवदूत विकत, त्यांचे तुकडे नखाएवढे निघत. अंगठ्याएवढे निघतात फक्त घरच्या देवदूताचे. आणि तो नमुना एबरहार्डने एकदाच वापरला होता, तेहेतीस वर्षांपूर्वी, त्यांची मुलगी नादीन झाली तेव्हा.

डिसेंबर लागायच्या सुमाराला गावातल्या खिडक्या उजळत. घरात जितक्या मुली तितके देवदूत, जितके मुलगे तितके दिवा धरलेले लाकडी खाणकामगार. रस्त्याने जाणाऱ्याला खिडकीवरून घरातली मुलं मोजता येत. त्या मापाचा देवदूत कोणी हौसेखातर कापत नसे आणि विकत तर मुळीच नसे.

तिने नादीनला फोन लावला.

"काही बातमी आहे का गं?"

"कसली?"

"म्हणजे... तुझ्याकडे. बाळ वगैरे."

नादीन खळखळून हसली. "आई, दोन मांजरं पाळलीत, तेवढ्यानेच जीव मेटाकुटीला आलाय! का गं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

दुपारी बटाट्याचं सूप वाढताना तिने एबरहार्डला सहज विचारावं तसं विचारलं, "सध्या काय कापतोयस?"

"नेहमीचंच. बाजाराला आठवडा तर राहिलाय."

"मोठ्या मापाचं काही?"

"नाही गं." त्याने ताटलीतून मान वर केली नाही.

इतकी वर्षं तो करवत चालवत आला होता आणि ती शेजारच्या बाकावर बसून घासकाम आणि रंगकाम करत आली होती. यंदा मात्र तो कापलेले नग खोक्यात भरून स्वतः घरात आणून देई. "शेडमध्ये गारठा आहे, तू इथेच रंगव," म्हणे. शेडला कुलूप असे. तीन आठवडे तिला हे प्रेम वाटत होतं.

संध्याकाळी समोरची ट्राउडल अंडी द्यायला आली आणि दारातच उभी राहिली.

"काल तुझा नवरा माझ्याकडून सोनेरी रंग घेऊन गेला. तुमच्याकडचा संपला होय?"

रोसविटाने मागे फळीवर पाहिलं. सोनेरी रंगाच्या दोन बाटल्या, एक अजून न उघडलेली.

"संपला," ती म्हणाली.

"मी म्हटलं, एवढा कशाला रे? घरी नवा देवदूत आलाय की काय? तर गडी कानापर्यंत लाल!" ट्राउडलने तिच्या दंडावर चापट मारली. "हे बघ, यंदा तुमच्या खिडकीत दोन दिसले ना, तर अख्ख्या गल्लीला केक द्यावा लागेल. ह्या वयात बाई, ह्या वयात!"

रोसविटाही हसली. दार लावलं आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिली.

एवढ्याशा गावात अशी गोष्ट लपते का? लपते. ते तिला माहीत होतं. कोणी विचारत नाही, म्हणून लपते.

लग्न ठरलं तेव्हा दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता, मागचं काही विचारायचं नाही. ते सुचवलं होतं तिनेच. एबरहार्डने लगेच मान हलवली होती. किती लगेच, हे तिला आज आठवत होतं.

शनिवारी दुपारी तिने कोट घातला आणि बॅग भरली. सव्वाचारच्या बसने नादीनकडे जाता येणार होतं. जायचं की राहायचं, ते त्याच्या एका उत्तरावर होतं. खोटं बोलला तर ती बसणार होती त्या बसमध्ये.

शेडच्या दाराशी आली तेव्हा आत तो फोनवर होता.

"नाही, अजून नाही सांगितलं तिला... धीरच होत नाही हो... रविवारी या तुम्ही. तोवर सांगतो. नक्की."

मग करवतीची घरघर सुरू झाली. रोसविटाने दार ठोठावलं नाही, ढकललं. आज कुलूप नव्हतं.

करवतीच्या मागे देवदूत उभा होता. पंख, झगा, हातात दोन दिव्यांची जागा. सोनेरी रंग अजून ओला होता. एबरहार्ड त्याची बैठक कापत होता. त्याने तिच्या कोटाकडे पाहिलं, मग दाराबाहेर ठेवलेल्या बॅगेकडे, आणि बटण बंद केलं. पातं थांबलं.

"हा कोणासाठी आहे?" तिने विचारलं.

"मुलीसाठी."

"नादीनचा घरात आहे."

"नादीनसाठी नाही."

तिने बाकाची कड धरली. "म्हणजे आहे. दुसरी आहे."

"आहे."

"केवढी?"

"नादीनपेक्षा मोठी. बारा वर्षांनी."

"आपल्या लग्नाआधीची."

"हो."

"आणि तू मला सांगणार कधी होतास? ट्राउडलने सांगितल्यावर? गल्लीभर केक वाटून झाल्यावर?"

"मार्चमध्ये तिचं पत्र आलं. तेव्हापासून रोज सांगायला येतो आणि परत फिरतो." त्याने बैठकीवरचा भुसा फुंकला. "तुला लाज वाटेल, त्याची भीती वाटत होती."

"मला? मी कशाला लाजू?"

बैठक त्याने तिच्यासमोर ठेवली. नादीनच्या देवदूताला असते तशी पाटी त्यावर होती, नावाची. पाटी कोरी होती.

"नावसुद्धा माहीत नाही तुला?" तिचा आवाज चिरकला.

"नाव आहे. ज्यांनी वाढवलं त्यांनी ठेवलेलं. ते इथे नको म्हणाली." एबरहार्डने पेन्सिल उचलून तिच्या हातात दिली. "पत्रात तिने एकच गोष्ट विचारलीय, रोसी. तिला देऊन टाकण्याआधी तू तिला काय म्हणून हाक मारली होतीस?"