चारपटीची दुर्बीण

दुकानाच्या उंबऱ्यात उभे राहून आबांनी बंदुकीवर बसवायची चारपटीची दुर्बीण डोळ्याला लावली. समोरच्या टेकडीवर चरणारी गाय, तिच्यामागचा गुराखी आणि त्याच्या हातातली काठी एकाच वर्तुळात मावली.

“आबा, या वयात सहापटीची घ्या,” दुकानदार म्हणाला. “दृष्टी मंदावली की मोठं दिसलेलं बरं. चारपटीत डुकराला रामराम करण्याइतकं जवळ जावं लागेल.”

“गेल्या पौषात मीही हाच विचार केला होता,” म्हणत आबा सांगू लागले.

रानडुकराच्या त्या पारधीत सहापटीचे वर्तुळ काळ्या केसांनी काठोकाठ भरले. आबांनी चाप ओढला. ती घोंगडी होती. ती पांघरलेला धाकटा भाऊ हाकारे घालत, रान उठवत पुढे आला होता. त्याचा चेहरा आणि हातातला वाजवायचा डबा वर्तुळाबाहेर राहिले. भाऊ जागीच गेला.

दुकानदाराची मान खाली गेली. “मग पुन्हा बंदूक धरणार?”

“नाही. बंदूक आता भावाच्या मुलाची. माऱ्याच्या जागी तो बसेल.” आबांनी दुर्बीण हलक्या हाताने पुसली. “हाकारे घालायला माणूस उरला नाही, यंदा समोरून मी येणार आहे.”