चौथं खोकं

चार खोक्यांपैकी नेमकी कोणती बघायची, एवढंच कोंडीरामला सांगायचं होतं. बरोबर सांगितलं तर सुपरवायझरची जागा, आणि जागेबरोबर खुर्ची. भोसरीच्या या कारखान्यात तो सोळा वर्षं तपासणीच्या टेबलाशी उभा होता. कुरुळीहून सायकल मारत यायचं, आठ तास उभं राहायचं, पुन्हा सायकल मारत घर गाठायचं. पायांनी कधीच हात टेकले होते. बायको सोजरबाई रोज तेल लावून ते चोळायची आणि रोज म्हणायची, आता एकदा बसायचं काम मिळू दे.

परचुरे साहेब मुंबईला कसलंसं ट्रेनिंग करून आले होते. तिथून त्यांनी हे कोडं आणलं होतं. कारखान्याचा नियम साधा होता: खोक्यावर हिरवी चिठ्ठी असेल, तर आतला माल तपासलेलाच असला पाहिजे. टेबलावर चार खोकी मांडलेली. पहिलं बंद, वर हिरवी चिठ्ठी. दुसरं बंद, चिठ्ठी नाही. तिसरं आणि चौथं उघडी, पण त्यांची चिठ्ठीची बाजू भिंतीकडे. तिसऱ्यातल्या ब्रेकच्या पिनांवर तपासणीचा पिवळा ठिपका होता, चौथ्यातल्या पिना कोऱ्या होत्या. नियम मोडलाय की नाही हे कळायला कोणती खोकी बघावी लागतील? शिपायाने ती गोदामातून उचलून आणली होती, आणि भिंतीकडच्या बाजू साहेबांनीही पाहिल्या नव्हत्या. त्याशिवाय मजा नाही म्हणे. साहेबांना मजेला वेळ होता.

कोंडीरामच्या आधी तिघं आत जाऊन आले होते. तिघांनीही पहिलं आणि तिसरं सांगितलं, आणि तिघंही उभ्याउभ्याच परत फिरले.

कोंडीरामला डोकं खाजवावं लागलं नाही. तिसऱ्यातला माल तपासलेला आहे. त्यावर चिठ्ठी असो नसो, नियमाचं काही बिघडत नाही. खरी मेख चौथ्यात. न तपासलेल्या मालावर कुणी हिरवी चिठ्ठी डकवून ठेवली असली तर? असलं पकडण्यातच तर त्याची सोळा वर्षं गेली होती.

तो बोलणार, एवढ्यात त्याला चौथ्या खोक्याला लोंबणारी चिंधी दिसली. निळ्या काठाची.

काल त्याने लागोपाठ दुसरी शिफ्ट केली होती. शेवटची पाच खोकी उरली तेव्हा पिना मापायचं गेज धरायला बोटं वळेनात. त्याने पिना तशाच भरल्या, चिठ्ठ्या डकवल्या, वर आपला चौदा नंबरचा शिक्का मारला. सुतळी संपली होती, म्हणून भाकरीचं फडकं फाडून खोकी बांधली. असं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच केलं. सकाळी सोजरबाईने फडकं कुठंय विचारलं, तर हरवलं म्हणाला.

आता पहिलं आणि तिसरं म्हटलं की भागत होतं. तोही बाकीच्यांसारखाच चुकला असता, कुणी चकार शब्द काढला नसता. उरलेली चार खोकी तीनच्या गाडीने निघून गेली असती. मग कुठल्याशा उतारावर कुणाचा तरी ब्रेक लागला असता, किंवा नसता. कोंडीरामला स्वतःची लाज वाटली. सोळा वर्षांचा शीण एकदम अंगावर आला, आणि खोटं बोलण्याइतकंही त्राण उरलं नाही.

"पयलं आन चौथं," तो म्हणाला.

साहेब खूश झाले. चौघांत एकालाच जमलं म्हणाले, आणि त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. कोंडीराम बसला नाही. साहेबांनी खात्रीपुरतं पहिलं खोकं उघडलं. आत पिवळे ठिपके होते. मग त्यांनी हसत हसत चौथं फिरवलं. हिरवी चिठ्ठी होती. साहेबांनी चष्मा लावून ती जवळून पाहिली.

"हा चौदा नंबर कोणाचा?"

"माझाच साहेब. आजून चार खोकी हायत आसली, चिंधीनं बांधल्याली. तीनची गाडी थांबवा."

साहेब फोनकडे धावले. आणि खुर्ची आता आपली राहिली नाही हे पक्कं ठाऊक असताना, कोंडीराम तिच्यात बसला.