पात्यावरचा अंगठा

सिंगापूरच्या त्या कारखान्यात विमानाच्या इंजिनाचं झिजलेलं पातं लेझरने नवा धातू चढवून पुन्हा उभं केलं होतं. स्यू-येनने ते भिंगाखाली धरलं. नव्या धातूत अंगठ्याचा ठसा होता, आणि त्यात तिच्याच अंगठ्यावरचा तिरका व्रण.

"रोस्ली काका, यंत्रात हात कुणी घातला?"

"त्या आगीत? हात उरेल का गं? जा जेवायला, लाक्सा संपेल."

बाहेरचं दार काचेवर अंगठ्याचा ठसा देऊन उघडायचं. तिने हातमोजा काढून अंगठा टेकवला. लाल दिवा लागला. तिने अंगठा पाहिला. व्रण नव्हता, रेषाही नव्हत्या. नुसतं गुळगुळीत कातडं.

"काय गं, दारही ओळखेना तुला?" पातं पाठवणीला घेऊन निघालेले काका मागून हसले. पात्याचं ठसा असलेलं टोक दाराच्या त्या काचेला घासलं.

हिरवा दिवा लागला.