दातांवरचे चौकोन

"मान खाली. विचारलं तर नुसतं 'हं' म्हण," चन्नबसम्मा लेकीच्या कानात पुटपुटली आणि तिच्या हातात पोह्यांचा ट्रे दिला.

सकाळीच परभणीच्या दाताच्या डॉक्टरनं शिवानीच्या दातांवरची तार काढली होती. "तार चिकटवायला लावलेला मसाला दातांवरच राह्यलाय. हळदीनं पिवळा पडलाय. घासून काढतो, तासभर बसा," तो म्हणाला होता. पण घरी वालूरला तिला बघायला पाहुणे येणार! आईनं तिला तसंच खुर्चीतून उठवून जीपमध्ये घातलं. आता समोरच्या प्रत्येक दातावर एक पिवळाजर्द चौकोन.

आरशात बघून शिवानीला आधी रडू आलं. मग एकदम आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मोडणार की हे स्थळ! नांदेडला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. स्थळ जमलं तर नर्सिंग बंद, असं तिच्या वडलांनी, ईश्वरअप्पांनी सांगूनच टाकलं होतं.

"नाव काय बाळ तुझं?" मुलाच्या आईनं, नर्मदाबाईंनी विचारलं.

"हं."

"शिकली किती?"

"हं."

"लाजायलीय," ईश्वरअप्पा घाईनं म्हणाले.

"मुकी-बिकी तर न्हाई ना अप्पा? आमच्या भावकीत फसलंय एक जण."

हीच संधी. शिवानीनं मान वर केली आणि खदाखदा हसली. सगळे चौकोन बाहेर.

"बोलते की मावशी! लय बोलते. मॅडम मला वर्गाबाहेर उभं करायच्या!"

"दाताला काय झालं गं हे?"

"पिवळे पडलेत. आता जन्मभर जायचे न्हाईत," तिनं ठोकून दिलं.

चन्नबसम्मानं डोळे मिटले. उठतील आता, शिवानीला वाटलं, आता उठतील.

नर्मदाबाई उठल्या. जवळ आल्या. तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, अंगठ्यानं वरचा ओठ उचलला. बाजारात कालवडीचा उचलतात तसा. चौकोनांवरून नख फिरवलं. मग अंगठा पदराला पुसला.

"राहू द्या दात तसेच, अप्पा. आमच्या घरात बाईला हसायचं काम पडत न्हाई."

ईश्वरअप्पा सुटल्यासारखे मोठ्यानं हसले. चन्नबसम्मा साखरेची वाटी घेऊन धावतच आली. शिवानीचं तोंड अजून उघडंच होतं. आईनं त्यातच चिमूटभर साखर टाकली.