एक माप मोठं

जास्मिननं अंगठ्यानं चांगला जोर दिला, तरी रॅमची पट्टी खाचेत बसेना. अजून जरा दाबली तर करकर आवाज आला, तसा दुकानदार महालिंगप्पांनी लॅपटॉपच तिच्यापुढून ओढून घेतला. हा लॅपटॉप दहा वर्षांचा, ह्याला जुन्या जातीची रॅम लागते, डीडीआर थ्री, आणि तू आणलीस ती नवी, फोर, असं ते म्हणाले. हातोडीनं ठोकलीस तरी जायची नाही, वर खाच मोडून बसशील.

जास्मिननं मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती आणि तीनच्या ठोक्याला सादची परीक्षा होती.

साद तिचा धाकटा भाऊ. शेजारीच स्टुलावर बसला होता. त्याची नजर लहानपणीच गेलेली, त्यामुळं पडद्यावरचं सगळं लॅपटॉप त्याला बोलून दाखवायचा. पुण्याची एक कंपनी घरबसल्या काम देणार होती. गिऱ्हाइकांच्या तक्रारींना लिहून उत्तरं द्यायची. त्याआधी अर्ध्या तासाची परीक्षा. पण लॅपटॉपमध्ये रॅम चारच जीबी. आवाज अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचा, तो मिनिट-मिनिट गप्पच. आधीच्या दोन कंपन्यांच्या परीक्षा अशाच हातच्या गेल्या होत्या. ह्या कंपनीनं तर सरळ लिहिलं होतं, दुसरी तारीख मिळणार नाही.

"वसीमनं घोळ घातला," जास्मिन बोलून गेली.

वसीम मामेभाऊ. काल सोलापूरहून पट्टी आणली ती त्यानंच. बोलली खरी, पण बोलल्याबरोबर तिची तिलाच लाज वाटली. वसीमनं बिचाऱ्यानं दुकानातून फोन करून विचारलं होतं, थ्री घेऊ का फोर? ही शिवणयंत्रावर, तोंडात टाचण्या. तशीच म्हणाली, फोर घे. जन्मभर तिनं तेच केलं होतं. कुणाचंही माप घेतलं की एक बोट जास्त धरायचं, कापड कमी पडलं तर काय घ्या! आता दुसरी पट्टी घ्यायला हातात दमडी नव्हती, आणि असती तरी अख्ख्या भूममध्ये आज थ्री मिळायची नव्हती.

महालिंगप्पांनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली काढला. मेलेल्या लॅपटॉपांतून काढलेल्या पंचवीस-तीस पट्ट्या, लेबलं झिजून गेलेली. भंगाराच्या भावात देईन म्हणाले, पण त्यात नव्याजुन्या सगळ्या मिसळल्यात, एकेक लावून बघायची तर संध्याकाळ होईल.

"लॅपटॉपातली जुनी पट्टी काढून माझ्या हातात द्या, काका," साद म्हणाला. "आन् डबा इकडं सरकवा."

त्यानं जुन्या पट्टीच्या काठावरून अंगठा फिरवला, मधली खाच कुठं येते ते दोनदा चाचपलं आणि डब्यात हात घातला. जास्मिननं शिवलेल्या शर्टाच्या बाह्या सारख्या तळहातावर उतरत होत्या, त्या तो मागं सारायचा, त्या पुन्हा उतरायच्या. खाच जुळली नाही की पट्टी झाकणात टाकायचा. मध्येच त्यानं वसीमनं आणलेली पट्टीही मागून घेतली, जुनीला लावून धरली, कडेनं नख फिरवलं आणि परत दिली.

डब्यातून तीन पट्ट्या निघाल्या. तिन्हींवर चार जीबीचा आकडा पुसटसा दिसत होता. पण महालिंगप्पा काही खूश झाले नाहीत. खाच जुळली म्हणजे जमलं असं नाही, ह्या लॅपटॉपला कमी व्होल्टची थ्री लागते, आणि व्होल्ट काही बोटाला कळत नाही, असं ते म्हणाले. जुनीच्या शेजारी त्यांनी पहिली लावली. पडदा काळाच राहिला. दुसरी लावली. तेच.

पावणेतीन झाले. बाहेर एसटीचा कंडक्टर परंड्याची हाक देत होता. जास्मिनला वाटलं, पोराचं नशीब आपणच आपल्या हातानं कापून बसलो. तिला तिथं उभंही राहवेना.

"साद," ती म्हणाली. "वसीमची कायबी चूक न्हाय रं. फोर घे म्हणून मीच सांगितलं. मोठी म्हंजे चांगली, असं वाटलं मला."

"हात लावला तवाच कळलं, आपा," साद म्हणाला. "सूतभर रुंद हाय ती. माझ्या शर्टावानी." मग तो महालिंगप्पांकडं वळला. "काका, शेवटची लावा."

महालिंगप्पांनी तिसरी पट्टी टक्‌ करून बसवली आणि बटण दाबलं. पडदा काळा. जास्मिननं डोळे गच्च मिटून घेतले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग लॅपटॉपचा पंखा घरघरला. अजून थोड्या वेळानं सादनं चाचपून दोन कळा दाबल्या, आणि लॅपटॉप एका दमात, कुठंही न अडखळता बोलला, "दोन वाजून चोपन्न मिनिटं."

बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून महालिंगप्पांनी शटर अर्ध्यावर ओढलं. सादनं नेटसाठी मोबाईल लॅपटॉपला जोडला आणि स्टूल पुढं ओढलं. बाह्या पुन्हा बोटांवर आल्या होत्या.

जास्मिन त्याच्यापुढं खाली बसली आणि त्या दुमडायला लागली. मनगटापर्यंत दुमडून झाल्या, तरी तिनं दोन्हींना अजून एकेक घडी जास्तच घातली.