साहेबांचं पान

दर्शनाबाईंचा तिसरा फोन आला तेव्हा कालिंदी हॉलच्या मागे चुली मांडायला जागा बघत होती. पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की घाट सुरू होण्याआधी हा नवा हॉल होता. साताऱ्याच्या एका फवारणी पंपांच्या कंपनीचा विक्रेत्यांचा मेळावा तिथे रविवारी होता. माणसं पंचेचाळीस, आणि ताटामागे दोनशे रुपयांच्या वर जायचं नाही, हे कंपनीचं काम बघणाऱ्या दर्शनाबाईंनी पहिल्याच फोनवर बजावलं होतं.

वरच्या हॉटेलांचे दर परवडेनात, म्हणून त्यांनी मेळावा घाटाखाली आणला होता. महाडच्या कालिंदी गुप्तेंचा नंबर त्यांना हॉलवाल्याने दिला. कालिंदीने हिशोब बसवून दिला. पनीर काढून वालाचं बिरडं घेतलं, तीन गोड पदार्थांऐवजी एक खीर ठेवली, तांदळाच्या भाकऱ्या जवळच्या कापडे गावच्या बायकांकडून करून घ्यायचं ठरलं.

"आता एकच राहिलं," दर्शनाबाई म्हणाल्या. "आमच्या साहेबांचं पान वेगळं लागतं. लिहून घेता?"

कालिंदीने वही काढली. बिरड्यात गूळ नको, आमसूल जास्त. ताकाला फोडणी नको, कच्चा हिंग. भाकरीचा पापुद्रा सोडवून आत तूप-मीठ. आणि पान उलटं वाढायचं, मीठ-लिंबू उजवीकडे, कारण साहेब डावखुरे.

पापुद्र्यापाशीच तिचं पेन थांबलं होतं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"कोण सांगणार? त्यांनीच," दर्शनाबाई म्हणाल्या, आणि रेंज गेली.

कालिंदी तिथेच दगडावर बसली. असं जेवणारा एकच माणूस तिने आयुष्यात पाहिला होता. तिचा नवरा, शरद. शेतीची औषधं विकायला तो घाटावर जायचा. तीन दिवस तिकडे, चार दिवस घरी. सहा वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात तो असाच निघाला. निघताना भांडण झालं होतं. हल्ली तीन दिवसांचे पाच दिवस का होतात, एवढंच तिने विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची मोटरसायकल ओढ्यावरच्या फरशी-पुलाला अडकलेली सापडली. शरद सापडला नाही. आपल्या बोलण्यापायीच तो असल्या पावसात रागाने निघाला, हे तिने स्वतःला कधी माफ केलं नव्हतं.

वर्षभर वाट पाहून दिरांनी विधी उरकले. त्या दिवशी नदीवर पिंडाला कावळा शिवला नाही. ऊन माथ्यावर आलं, दिरांची हात जोडून सगळी वचनं देऊन झाली, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून सोडवणूक केली.

तिच्याकडे भाकऱ्या करणाऱ्या चंद्रभागाबाईंना तिने वही वाचून दाखवली.

"कावला शिवला नवता ना गो तवा," त्या म्हणाल्या. "काय तरी ऱ्हायलंय त्यांचं. मागतायत तर दे. पयलं पान त्यांचं काढ."

शनिवारचा सगळा दिवस कालिंदी भारल्यासारखी वावरली. घरात कोणी वाट बघत असल्यासारखं तिने दोनदा वळून पाहिलं. सहा वर्षांत तिने गुळाशिवाय बिरडं केलं नव्हतं. सोललेल्या वालांत आमसुलं पडली आणि त्या वासाने तिला वाटलं, मागे पाटावर तो येऊन बसलाय. भीती होतीच, पण त्याहून जास्त वाटत होतं की या वेळी चुकायला नको.

रविवारी अकरालाच स्वयंपाक झाला. तिने केळीच्या पानावर पहिलं पान वाढलं, उलटं, मीठ-लिंबू उजवीकडे, आणि हॉलमागच्या आंब्याखाली ठेवलं. भाजीच्या सालींवर पाच-सहा कावळे तुटून पडले होते. त्यातला एक उडत पानापाशी आला, मान वाकडी करून बघत राहिला आणि परत सालींकडे गेला.

"माझं चुकलं," कालिंदी हात जोडून म्हणाली. "तू सांग, काय हवंय ते. मी करीन."

पानावर माश्या बसायला लागल्या, तरी कावळा शिवला नाही. चंद्रभागाबाईंनी तोंडाला पदर लावला.

बाराला गाड्या आल्या. माणसं हॉलमध्ये शिरली, माइक सुरू झाला. जेवायच्या वेळेला साहेबांसाठी नवं पान वाढून कालिंदी ते दोन्ही हातांवर घेऊन मागच्या दाराने निघाली, तशा दर्शनाबाई समोर आल्या. चाळिशीच्या, हसऱ्या, दमलेल्या.

साहेब यायला तयारच नव्हते, त्या सांगू लागल्या. घाटाखाली उतरायचं म्हटलं की त्यांना काही ना काही होतं. या वेळी मेळावा महाबळेश्वरलाच आहे असं सांगून त्यांना गाडीत बसवलं, आणि महाबळेश्वर मागे टाकून घाट उतरायला लागल्यापासून त्यांनी तोंडातून शब्द काढलेला नाही. आता खालीच उतरत नाहीत, म्हणून पान गाडीपाशी नेऊ या.

कालिंदी त्यांच्या मागून चालत गेली. झाडाखाली पांढरी गाडी उभी होती. दर्शनाबाईंनी दार उघडलं.

आतल्या माणसाने आधी पानाकडे पाहिलं. मग, खूप हळू, पान धरणाऱ्या हातांकडे, आणि मग वर. दाढी पांढरी झाली होती, अंग सुटलं होतं. बाकी शरद होता तसाच होता.

कालिंदीच्या हातातलं पान हललं नाही. त्याचा डावा हात दाराच्या कडेवर तसाच राहिला.

दर्शनाबाई पानावर वाकल्या होत्या. त्यांनी भाकरीचा पापुद्रा उचलून पाहिला, आणि मनापासून म्हणाल्या, "कमाल आहे हो तुमची. यंदा लग्नाला नऊ वर्षं झाली आमच्या, पण यांचं पान इतकं बरोबर मला अजून वाढता येत नाही."