चौदाव्या महिन्यानंतर

"काकू, ग्रंथातल्या बाळाच्या नोंदी चौदाव्या महिन्यावरच थांबल्यात. पुढं वहीत नुसत्या तारखा आहेत. नोंदी दुसऱ्या वहीत असतील का?"

अरुंधती ही काकूंच्या नवऱ्याची, सरांची, जुनी विद्यार्थिनी. सर गेल्यावर त्यांच्या बालमानसशास्त्राच्या ग्रंथाची नवी आवृत्ती तीच काढत होती. कॉलेजच्या कपाटात सापडलेली वही तिनं वत्सलाकाकूंपुढं ठेवली.

काकूंनी नवऱ्याचा तो ग्रंथ कधी उघडलाच नव्हता. मेंदूज्वरानं त्यांची एकुलती एक मुलगी गेली आणि आठव्याच दिवशी सर वही घेऊन लिहायला बसले. मग कित्येक महिने संध्याकाळी त्यांच्या खोलीचं दार बंद असे आणि काकू बाहेर एकट्याच रडत. पोटची पोर गेली तरी ह्यांना पुस्तक सुचतं, ही अढी चाळीस वर्षं त्यांच्या मनातून गेली नव्हती.

"दुसरी वही नाही," त्या म्हणाल्या. "ते बाळ म्हणजे आमची मुलगी. चौदा महिन्यांची असताना गेली."



काकूंनी वही जवळ ओढली आणि त्या एकेक पान उलटत गेल्या. नोंदी संपल्यानंतरच्या प्रत्येक पानावर सरांच्या नीटस अक्षरात तारीख होती आणि तिच्याखाली एकही शब्द नव्हता. त्या आठव्या दिवसापासून कित्येक महिने एकही संध्याकाळ चुकली नव्हती.

"मला वाटायचं, आत लिहीत बसलेत," काकू हळूच म्हणाल्या. "एकदा तरी दार उघडून बघायला हवं होतं गं मी."